पावणेसहाची बॅच आणि पतंजलींचा 'वा'

परवा क्लास संपला, सगळे चपला घालून निघाले आणि पापडी गावाहून येणाऱ्या मावशी तेवढ्या मॅट गुंडाळत मागे रेंगाळल्या. हॉल रिकामा झाल्यावर जवळ आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "टीचर, तुम्ही शेवटी ते ॐ म्हणता ना, मी म्हणत नाही, गप्प असते. पण ऐकते. ऐकलेलं चालतं का?"

मावशी ६८ वर्षांच्या. रविवारचा मिस्सा कधी चुकवत नाहीत, गळ्यात क्रूस, दोन्ही गुडघे दुखतात म्हणून मुलीने जबरदस्तीने माझ्याकडे पाठवलेल्या. गेले ८ महिने पावणेसहाला सगळ्यांच्या आधी हजर असतात. आणि इतके महिने हा प्रश्न मनात घेऊन त्या शवासनात पडून होत्या, हे ऐकून मला कसंतरीच झालं. उत्तर मी त्यांना तिथेच दिलं, ते सांगतेच पुढे, पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले.

आधी माझी बॅच कशी आहे ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. वसईत एका सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी पावणेसहा ते पावणेसात. ही वेळ मी नाही ठरवली, लोकलने ठरवली, कारण निम्म्या लोकांना सव्वासातच्या आत स्टेशनवर पोचायचं असतं. २२ जण आहेत, वय १९ ते ७४. एक मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय, त्याच्या शेजारी बायपास झालेले काका, मग दोघी मेनोपॉजमधल्या, एक जण कंबरेत गॅप घेऊन आलेला, एकीला काचबिंदू, एकाचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. आणि वसई म्हटल्यावर माणसं पण तशीच येणार, कॅथलिक आहेत, मुस्लिम ताई आहेत, नवबौद्ध दादा आहेत, जैन जोडपं आहे, घाटावरून येऊन स्थायिक झालेले माळकरी काका आहेत, आणि देव वगैरे काही मानत नाही असं पहिल्याच दिवशी सांगून टाकलेले एक इंजिनिअर पण आहेत.

लोक मला विचारतात की एवढ्या वेगवेगळ्या लोकांना एकत्र कसं शिकवतेस. तर शरीराचं त्यामानाने सोपं आहे हो. अवघड वाटतं, पण त्याला नियम आहेत. बीपीवाल्यांनी श्वास रोखायचा नाही. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाईल असं काही करायचं नाही. हर्नियावाल्यांना भुजंगासन, नौकासन, कपालभाती बंद. गुडघेवाल्यांना वज्रासनाच्या ऐवजी खुर्ची. मी प्रत्येक आसनाचं आधी सगळ्यात सोपं रूप सांगते आणि मग म्हणते ज्यांना जमतंय त्यांनी पुढे जा, उलटं कधीच नाही. उलटं केलं की, म्हणजे आधी पूर्ण आसन दाखवून मग "ज्यांना जमत नाही त्यांनी असं करा" म्हटलं की, ६८ वर्षांची बाई स्वतःला कमी समजायला लागते आणि १९ वर्षांचा मुलगा भिंतीपर्यंत पाय ताणायला लागतो. शब्दांचा क्रम फक्त बदलायचा असतो, पण फरक केवढा पडतो.

बायका-पुरुष एकत्र असण्याचा प्रश्न मला कळायलाच वर्ष गेलं. पुरुष पुढे बसायचे, बायका मागे. मार्जारासन किंवा पर्वतासन आलं की मागच्या बायका टीशर्ट खाली ओढत बसायच्या, कोणी नीट करायचंच नाही, आणि मला वाटायचं या लाजतायत. लाजत नव्हत्या, मागून कोणी बघतंय का या काळजीत होत्या, आणि अशा काळजीत श्वासाकडे लक्ष कुठून जाणार. मग मॅट्स रांगेत लावणं बंद केलं. आता सगळे भिंतीकडे पाठ करून गोलात बसतात, मधे मी. कुणाच्याही मागे कुणी नाही. आणि हात लावून आसन सुधारणं मी विचारल्याशिवाय करत नाही, बायकांचं सुद्धा.

खरी परीक्षा आहे ती शेवटच्या १५ मिनिटांची. आसनं संपतात, दिवे मालवते, सगळे शवासनात पडतात, आणि तिथून पुढे जे काही आहे त्याला काय म्हणायचं? आध्यात्मिक बाजू म्हणा. या १५ मिनिटांत मी आजवर दोन मोठ्या चुका केल्यात, दोन्ही मनापासून केल्या.

पहिली चूक लपवण्याची. सुरुवातीला मी एका जिममध्ये शिकवायचे. तिथे स्पष्ट सांगितलेलं की स्ट्रेचिंग, ब्रीदिंग, रिलॅक्सेशन, एवढंच, बाकी काही बोलायचं नाही, कस्टमर तुटतात. मला पटलं पण होतं ते. सगळ्यांना चालेल असं द्यायचं, वाद नको. तीन वर्षं शिकवलं तसं. लोकांची कंबर सुधारली, झोप सुधारली, खोटं नाही बोलणार. पण मला आतून सतत वाटायचं की आपण कोणाचं तरी घर दाखवतोय आणि फक्त ओसरी दाखवून परत पाठवतोय. आणि ज्याने घर बांधलं त्याचं नाव पण सांगत नाहीये.

माझं शिक्षण लोणावळ्याचं. कैवल्यधाम १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी सुरू केलं. योगावर प्रयोगशाळेत काम करणारा हा माणूस. उड्डियान आणि नौली (पोट आत खेचण्याच्या, घुसळण्याच्या क्रिया) करताना पोटात नेमकं काय होतं ते त्यांनी एक्स-रे काढून, दाब मोजून तपासलं, आणि त्याच वर्षी 'योग मीमांसा' नावाचं नियतकालिक काढून ते छापलं. म्हणजे अंधश्रद्धेचा आरोप करायला जागाच नाही. पण त्याच माणसाने संस्थेचं नाव काय ठेवलं बघा. आरोग्यधाम नाही ठेवलं. कैवल्यधाम ठेवलं. कैवल्य म्हणजे मोक्ष, आणि पतंजलींच्या योगसूत्रांच्या चौथ्या, शेवटच्या पादाचं नावच कैवल्यपाद. एक्स-रे एका हातात आणि कैवल्य दुसऱ्या हातात, आणि त्यांना त्यात काहीच विसंगत वाटलं नाही. जिममधून घरी येताना मला हे आठवायचं आणि फार टोचायचं.

तर मग जिम सोडलं आणि स्वतःची बॅच सुरू केली. तेव्हा २१ जूनचा योग दिवस नुकताच सुरू झालेला (पहिला २०१५ ला झाला), सगळीकडे उत्साह होता, आणि मी दुसऱ्या टोकाला गेले. ही दुसरी चूक. पतंजलींचा फोटो, उदबत्ती, 'संगच्छध्वं' ची प्रार्थना, तीन वेळा ॐ, मग गुरुश्लोक, मग सूर्यनमस्कार मंत्रासकट, शेवटी शांतिपाठ. आणि कुणी विचारलं तर मी एक ठरलेलं वाक्य फेकायचे, "ॐ हा फक्त एक ध्वनी आहे, व्हायब्रेशन आहे, त्याचा धर्माशी काही संबंध नाही." हे वाक्य तुम्ही पण ऐकलं असेल. बरेच योगशिक्षक म्हणतात. चांगल्या हेतूने म्हणतात.

पण ते खरं नाहीये. पतंजलींचं सूत्र आहे, 'तस्य वाचकः प्रणवः', म्हणजे ईश्वराचं नाव, ईश्वराला सांगणारा शब्द म्हणजे ॐकार. ज्या ग्रंथावर मी उभी आहे तोच ग्रंथ सांगतोय की हे ईश्वराचं नाव आहे, आणि मी मात्र समोरच्या मुस्लिम किंवा ख्रिस्ती बाईला सांगतेय की छे छे, नुसता आवाज आहे, म्हणा. म्हणजे मी तिला फसवून तिच्या तोंडून असं काहीतरी म्हणवून घेतेय जे तिला माहीत असतं तर कदाचित तिने म्हटलं नसतं.

त्या काळात तीन जण न सांगता यायचे बंद झाले. त्यातल्या एक ताई मला पुढे होळी बाजारात भेटल्या, डोक्यावर ओढणी, हातात भाजीची पिशवी. "वेळ जमत नाही टीचर" म्हणाल्या. मी म्हटलं ठीक आहे. मग चार पावलं पुढे जाऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "खरं सांगू का, मला तुमचं शिकवणं खूप आवडायचं. पण सूर्याला नमस्कार मला नाही जमणार. आणि सगळे करत असताना मी एकटी उभी राहिले की सगळे बघतात." एवढंच. राग नाही, तक्रार नाही. मी रात्री बराच वेळ जागी होते.

अष्टांगयोगातली पहिली पायरी आसन नाहीये हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे विसरतात. पहिली पायरी यम, म्हणजे वागण्याचे नियम. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. मी पाठ म्हणून दाखवू शकत होते. आणि जिममध्ये मी काय करत होते तर सत्य सोडलेलं. बॅचमध्ये काय करत होते तर अहिंसा सोडलेली, आणि वर ते व्हायब्रेशनचं वाक्य बोलून सत्य पण. म्हणजे मी आध्यात्मिक बाजू शिकवत होते आणि पहिल्या दोन यमांवरच माझा पाय अडखळत होता.

मग मी सूत्रं परत उघडली. सगळी मिळून १९५-१९६ सूत्रं आहेत (पाठभेदाने एखादं कमीजास्त), त्यात आसनावर जेमतेम तीन. हे शिकताना पाठ केलं होतं, पण या वेळी मला वेगळीच गोष्ट दिसली. पहिल्या पादात चित्त शांत कसं करायचं ते सांगताना पतंजली एकामागून एक उपाय देतात आणि जवळपास प्रत्येकात एक चिमुकला शब्द आहे, 'वा'. ईश्वरप्रणिधानाद् वा. म्हणजे ईश्वराला शरण जाऊन, किंवा. मग पुढे श्वासाबद्दल, प्रच्छर्दनविधारणाभ्यां वा प्राणस्य, श्वास सोडून आणि थांबवून, किंवा. मग इंद्रियांच्या एखाद्या अनुभवावर मन लावून, किंवा. आतल्या शोकरहित प्रकाशावर, किंवा. ज्याची आसक्ती सुटलीय अशा माणसाच्या मनाचं चिंतन करून, किंवा. स्वप्नातल्या, झोपेतल्या ज्ञानाचा आधार घेऊन, किंवा. आणि सगळ्यात शेवटी 'यथाभिमतध्यानाद्वा'. ज्याला जे प्रिय आहे, मान्य आहे त्याच्या ध्यानाने. किंवा!

सलग सहा सूत्रांत सहा वेळा 'वा'. एकेक अक्षर वाचवून लिहिणाऱ्या माणसाने हा शब्द इतक्या वेळा उगाच वापरला नसणार. मला तेव्हा अक्षरशः हातात किल्ली मिळाल्यासारखं झालं, कारण मी जो 'हेच' धरून बसले होते तो माझा होता, पतंजलींचा नव्हता.

तेव्हापासून बॅचमध्ये नवीन कोणी आलं की पहिल्या दिवशी मी पाच मिनिटं बसून सरळ सांगते. की हा योग भारतातल्या आध्यात्मिक परंपरेतून आलाय, याचा हेतू मुळात कंबर बरी करणं नव्हता, मन शांत करून स्वतःला ओळखणं हा होता. कंबर बरी होईल, ती आनंदाने करू. मी स्वतः शेवटी ॐ म्हणते, तो माझ्यासाठी ईश्वराचं नाव आहे. तुम्ही म्हटलाच पाहिजे असं नाही. मनात तुमचं काही असेल तर ते म्हणा, काही नसेल तर नुसता श्वास बघा, बाहेर जाऊन उभं राहायचं असेल तर दार उघडं आहे. एवढं सांगितलं की माणसाचा खांदा खाली येतो, मी बघितलंय. लपवलेलं काही नाही आणि लादलेलं काही नाही म्हटल्यावर माणूस मोकळा होतो.

सूर्यनमस्कार आता ऐच्छिक आहेत. ज्यांना नको ते त्या वेळात ताडासन, तिर्यक ताडासन, कटिचक्रासन करतात, आणि निम्मे लोक गुडघ्यांमुळे तेच करत असतात त्यामुळे कोणीच एकटं पडत नाही. यावर मला आमच्याच काही लोकांनी ऐकवलं की अशी काय सवलत देतेस. पण बघा, पतंजलींच्या सूत्रांत सूर्यनमस्कार नाहीत, हठयोगाच्या जुन्या ग्रंथात, हठयोगप्रदीपिकेत नाहीत. आपल्याकडे व्यायाम म्हणून त्यांचा घरोघरी प्रसार झाला तो औंध संस्थानच्या राजांमुळे, पंतप्रतिनिधींमुळे, गेल्या शतकात. सरकारच्या ४५ मिनिटांच्या कॉमन योगा प्रोटोकॉलमध्ये पण ते नाहीत. मला स्वतःला सूर्यनमस्कार प्राणप्रिय आहेत, मी रोज २४ घालते. पण ते न घालणारा माणूस योगाच्या बाहेर जात नाही.

बाजारात भेटलेल्या त्या ताई परत आल्या, हे सांगायचं राहिलं. मीच फोन केला होता. त्यांच्याकडून मी जे शिकले ते कुठल्या कोर्समध्ये शिकले नसते. एकदा शशांकासन (वज्रासनात बसून पुढे वाकून कपाळ जमिनीला टेकवायचं) शिकवताना मी मोठ्या कौतुकाने म्हटलं की बघा हे तुमच्या सजद्यासारखंच आहे, म्हणजे नमाज हा पण योगच झाला. मला वाटलं त्यांना छान वाटेल. त्या काही बोलल्या नाहीत, नंतर म्हणाल्या, "दिसायला सारखं असेल टीचर, पण सजदा सजदाच असतो." किती बरोबर आहे हे. मान झुकवणं शरीराचं असतं, कुणापुढे झुकवली ते मनाचं. मी त्यांच्या प्रार्थनेला माझ्या डब्यात भरायला निघाले होते. आता कुणाच्याही उपासनेला मी "हे तर योगातलंच" असं म्हणत नाही, आणि दुसऱ्या कोणी म्हटलं तर थांबवते.

त्याऐवजी मी त्यांना शेख महंमदांबद्दल सांगितलं. श्रीगोंद्याचे, मुस्लिम घरात जन्मलेले मराठी संतकवी. त्यांच्या मराठी ओवीबद्ध ग्रंथाचं नावच 'योगसंग्राम' आहे. आणि त्याच्याही कितीतरी आधी, ११व्या शतकात, अल-बिरूनी या मुस्लिम विद्वानाने पतंजलींचा योग अरबीत नेला होता. हे सांगण्यामागे "बघा तुमचे लोक पण करायचे" असा हेतू नव्हता, म्हणजे नसावा याची मी काळजी घेतली. एवढंच की या दारातून ये-जा जुनी आहे. ताईंना श्रीगोंद्याचं ऐकून फार नवल वाटलं, माहेर अहमदनगरकडचं निघालं त्यांचं, आणि त्यांना हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं.

नालासोपाऱ्याहून येणारे दादा वेगळे. ते बुद्धपौर्णिमेला सोपाऱ्याच्या स्तूपावर जाणारे, इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेची दहा-दहा दिवसांची तीन शिबिरं केलेले. म्हणजे शांत बसण्याचा त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त आहे, हे मी बॅचमध्ये उघड सांगते. नाडीशोधनाच्या वेळी ते म्हणाले की आम्हाला श्वास बदलायचा नसतो, जसा येतो तसा फक्त बघायचा, आनापान. मी प्राणायाम शिकवते त्यात श्वास मोजून लांब करतात. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी त्यांना एक करायच्या भानगडीत पडले नाही. प्राणायाम चालू असताना ते आनापान करतात. पण एक दिवस मी मैत्री-करुणा-मुदिता-उपेक्षाचं सूत्र घेतलं, सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं वागणाऱ्याबद्दल आनंद आणि वाईट वागणाऱ्याकडे उपेक्षा, म्हणजे मनात त्याचं विष न साठवता बाजूला राहणं. तर दादा एकदम सरळ बसले. "टीचर, हे तर आमचे चार ब्रह्मविहार. मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा." चारही तेच, त्याच क्रमाने. त्या दिवशी १० मिनिटं त्यांनीच शिकवलं, मी गोलात जाऊन बसले. लोकलचं उदाहरण दिलं त्यांनी, की समोरच्याला खिडकीची सीट मिळाली, आपण विरार लोकलमध्ये दारात लटकतोय, तेव्हा त्या सीटवाल्याकडे बघून मनात काय येतं ते बघा, तिथून मेत्ता सुरू करायची. २२च्या २२ जणांना कळलं. माझ्या संस्कृतने ते कधी झालं नसतं.

आणि सगळ्यांना वाटतं की अडचण फक्त दुसऱ्या धर्माच्या लोकांची असते, तर तसं अजिबात नाही. सगळ्यात कडक विरोध माझ्या माळकरी काकांचा होता. शवासनानंतर ध्यानाला बसा म्हटलं तर हे उठून बसायचे नाहीत, पडूनच राहायचे. विचारलं तर हरिपाठ म्हणून दाखवला, "योगयागविधी येणें नोहे सिद्धि, वायांचि उपाधि दंभधर्म. आमच्या माउलींनी सांगितलंय, योगाने काही होत नाही, नाम घ्या." आता काय बोलणार! माउलींच्या पुढे माझं काय चालणार. पण मग मी म्हटलं काका, ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय पण माउलींचाच ना. तिथे आसन कसं घालायचं, जागा कशी निवडायची, कुंकवात न्हालेल्या नागाच्या पिल्लासारखी वेटोळं घालून झोपलेली कुंडलिनी कशी जागी होते, हे सगळं किती प्रेमाने सांगितलंय. नाथपंथाचा तो वारसा निवृत्तिनाथांकडून त्यांना मिळाला. तोच माणूस हरिपाठात म्हणतो की नुसत्या विधीने सिद्धी नाही, भाव पाहिजे. दोन्ही एकाच तोंडचं आहे. काका बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग मी श्वासाबरोबर रामकृष्णहरी म्हणतो." म्हटलं म्हणा की. यथाभिमत.

मला एक स्पष्ट सांगायचंय. हे सगळं मी शब्दांत फार सांगत बसत नाही, रोज प्रवचन दिलं तर लोकांची लोकल चुकेल. पहिला महिनाभर तर फक्त 'स्थिरसुखम्' एवढंच. आसनात दोन्ही हवं, स्थिर पण आणि सुख पण. भरतीवाला पोरगा स्थिर असतो पण दात-ओठ खाऊन, आणि जैन काकू सुखात असतात पण कायम हलत. दोघांना उलट उलट सांगावं लागतं. माझ्या मते हीच आध्यात्मिक बाजूची सुरुवात आहे, कारण इथे माणूस पहिल्यांदा स्वतःची सवय बघतो, आपण जोर लावणारे आहोत की पळ काढणारे. मग हळूहळू श्वास. मग भ्रामरी, ती सगळ्यांना आवडते, तोंड मिटून नुसता गुंजारव. पण भ्रामरी म्हणजे गुपचूप घुसवलेला ॐ नव्हे, आणि तसं मी कुणाला वाटू देत नाही.

आणि मग अंतर्मौन. मुंगेरच्या बिहार स्कूल ऑफ योगाच्या पद्धतीत हे आहे, त्याचा पहिला टप्पा म्हणजे डोळे मिटून बाहेरचे आवाज ऐकायचे, एकावरून दुसऱ्यावर जायचं, चांगला वाईट ठरवायचं नाही. आमच्या हॉलमध्ये साडेसहाला काय काय ऐकू येतं! पाववाल्याच्या सायकलचा भोंगा, कुणाचा तरी मिक्सर, चर्चची घंटा, लांबून देवळातली भूपाळी, हिवाळ्यात फजरची अजान क्लासच्या सुरुवातीलाच, आणि मग सगळ्यावर लोकलचा हॉर्न. मी फक्त म्हणते, ऐका, नाव देऊ नका, पुढे जा. पहिल्या आठवड्यात सगळे आपापला आवाज ऐकतात. घंटा वाजली की मावशींच्या चेहऱ्यावर दिसतं, भूपाळी आली की काकांच्या. दोन-तीन महिन्यांनी चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. तेव्हा मला समजतं की काहीतरी आत सरकलंय, पण मी बोलून दाखवत नाही.

इंजिनिअर दादांचं सांगते. त्यांना शवासन छळवादी वाटायचं. दोन मिनिटं झाली की घड्याळ बघायचे, आणि मला एकदा म्हणाले की यात वेळ वाया जातो, त्यापेक्षा आणखी चार आसनं घ्या. मी म्हटलं तुम्ही टाइमकीपर व्हा. पाच मिनिटांचा टायमर लावायचा, वाजला की सगळ्यांना उठवायचं, जबाबदारी तुमची. ते खूश झाले, जवळपास वर्षभर त्यांनी हे काम अगदी चोख केलं. पाच म्हणजे पाच. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी बाहेर धो धो पाऊस, मोजकेच ११-१२ जण आलेले, सगळे पडलेत, आणि टायमर वाजेना. मला वाटलं पाच अजून झाली नसतील. मग आणखी वेळ गेला. डोळे उघडून बघितलं तर दादा पाठीवर, तळवे वर, फोन शेजारी, टायमर लावलेलाच नाही. मी पण उठवलं नाही कुणाला. ११ मिनिटं झाली. मग ते आपणच उठून बसले, फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "राहूनच गेलं." नंतर दारात छत्री उघडताना मला विचारलं, "त्या वेळात मी झोपलो नव्हतो. पण विचार पण करत नव्हतो. मग मी काय करत होतो?"

मी उत्तर दिलं नाही. 'योगश्चित्तवृत्तिनिरोधः', चित्ताच्या वृत्ती थांबणं म्हणजे योग, हे तोंडावर आलं होतं, गिळलं. त्यांचा प्रश्न इतका ताजा होता की त्यावर माझं सूत्र ठेवणं म्हणजे उगवत्या रोपावर दगड ठेवण्यासारखं झालं असतं. ते अजूनही देव मानत नाहीत, आणि मी त्यांना मानायला लावणार पण नाही. प्रश्न मात्र त्यांनी सोडलेला नाही, मधूनमधून परत विचारतात, वेगळ्या शब्दांत.

तर मावशी. "ऐकलेलं चालतं का?" मी त्यांना म्हटलं, मावशी, तो शब्द माझ्यासाठी ईश्वराचं नाव आहे, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. ऐकायचं की नाही, त्या वेळात मनात काय म्हणायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा. तुम्हाला जड वाटत असेल तर मी ॐ तुम्ही गेल्यावर म्हणेन, मला त्यात काही कमीपणा नाही. चालतं की नाही हे मी सांगणारी कोण, तुमच्या फादरना विचारावंसं वाटलं तर जरूर विचारा. त्यांनी मान हलवली, मॅट काखेत घेतली आणि गेल्या. मला वाटलं आता येतील की नाही.

दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच हॉलच्या पायरीवर बसलेल्या. कुलूप उघडत होते तर म्हणाल्या, "टीचर, तुमचं ॐ झालं ना की लगेच 'हळूच डोळे उघडा' म्हणू नका. तुमचं ते छोटं आहे, माझी प्रार्थना जरा लांब आहे, अर्धीच राहते."

इंजिनिअर दादांना सांगितलंय, टायमर दोन मिनिटांनी वाढवा म्हणून.